न मागितलेली माफी

माझ्या नवऱ्याने कॉफी प्यायली नाही, म्हणून माझ्या मुलाला माफी मिळाली. आणि मला तोंड आवरलं नाही, म्हणून ती हातची गेली. हे असं सांगितलं की लोकांना वाटतं, किशोरीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. पण घडलं ते असंच घडलं.

आम्ही ओमानमध्ये सोहारला राहतो. प्रताप, म्हणजे माझा नवरा, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. आमचा रुचिर शिकून नुकताच इथेच नोकरीला लागला होता. गुरुवारी संध्याकाळी तो मस्कतहून गाडी घेऊन घरी येत होता. सहम गावाजवळ, दिवेलागणीला, मगरिबची बांग होऊन गेल्यावर, एक माणूस बकऱ्यांसाठी लसूणघासाचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होता. रुचिरला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. खल्फान त्याचं नाव. लिंबाची बाग, थोड्या बकऱ्या, बायको आणि मुलं असलेला माणूस. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो रस्त्यावरच गेला आणि रुचिरला पोलिसांनी ठेवून घेतलं.

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तसेच बरबटलेले हात घेऊन मी गाडीत बसले आणि सहमपर्यंत ती कणीक बोटांवर वाळून कडक झाली, तरी मला कळलं नाही. प्रताप एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आपल्या रुचिरच्या हातून कसं होईल?” जसं काही माणसं मारायला वेगळी मुलं जन्माला येतात.

मस्कतहून वकील आले. भारी घड्याळ, भारी अत्तर. म्हणाले, “दुखवट्याला जाऊन या. चांगलं दिसतं. पण केसबद्दल अवाक्षर काढू नका. सॉरीसुद्धा म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे कबुली. घरच्यांनी माफ केलं तर कोर्टात फार फरक पडतो, नाहीतर मुलगा आत जाईल. पण माफीचं आत्ता नको. ते मी नंतर बघतो.”

प्रतापने मान डोलावली. वकील, डॉक्टर आणि पासपोर्टवाले यांच्यापुढे माझा नवरा मान डोलावण्यापलीकडे काही करत नाही. मीही गप्प बसले. मुलगा आत असला की शहाणपण बाहेरच्यांकडून उसनं घ्यावं लागतं.

बरोबर स्टॅन्लीला घेतलं. स्टॅन्ली वसईचा, सहमला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. अरबी फाडफाड बोलतो. खल्फानचा मोठा भाऊ हुमैद त्याचं गिऱ्हाईक, म्हणून घर त्याला ठाऊक होतं. गाडीत मी प्रतापला बजावलं, “हे बघ, सुतकाचं घर आहे. काही दिलं तर नाही म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. हातात घे आणि खाली ठेव. पाणीसुद्धा प्यायचं नाही.” आमच्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. मयत झालेल्या घरी जायचं, बसायचं, काही न घेता उठायचं आणि निघताना येते म्हणायचं नाही. प्रताप म्हणाला, “मला कळतं तेवढं.” स्टॅन्ली पुढे बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होता, त्याच्या कानावर यातलं काही गेलं नाही. गेलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

घराबाहेर मांडव घातला होता, पुरुष तिथे. बायका आत. मला एका मुलीने आत नेलं. ती खल्फानची मोठी मुलगी खुदेजा, कॉलेजात शिकणारी. गालिच्यावर भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या आणि मध्यभागी साध्या सुती कपड्यांत सफिया. खल्फानची बायको. माझ्याच वयाची असेल. मी कोण ते खुदेजाने सांगितलं असावं, कारण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला वाटलं होतं, ओरडतील. उठून जा म्हणतील. आपल्याकडे काय झालं असतं याची मी मनात हजारदा उजळणी केली होती. आपल्याकडे दारातूनच हाकललं असतं. इथे एका म्हातारीने सरकून मला जागा दिली. खजुराची थाळी पुढे आली. खुदेजाने दल्ल्यातून, म्हणजे चोचीच्या पितळी किटलीतून, बिनकानाच्या इवल्याशा कपात काहवा, इथली कॉफी, ओतला, वेलदोड्याचा वास आला आणि कप माझ्या हातात आला. माझ्या मुलाने जिचा बाप मारला तिच्या हातचा. मी कप अलगद समोर गालिच्यावर ठेवला.

म्हातारीने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोरच्या दोघी एकमेकींशी बोलायच्या थांबल्या. खुदेजा दल्ला धरून तशीच उभी. सगळ्या जणी काहीतरी ऐकायची वाट बघताहेत असं वाटत होतं आणि मला वकिलाने तोंडाला कुलूप लावून पाठवलेलं.

बाहेर त्याच वेळी काय चाललं होतं ते स्टॅन्लीने नंतर सांगितलं. प्रतापनेही कप हातात घेतला आणि खाली ठेवला. हुमैद म्हणाला, “कॉफी पी.” प्रतापने हात जोडून मान हलवली. हुमैद पुन्हा म्हणाला. प्रतापने पुन्हा हात जोडले, आणि एव्हाना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हुमैदने बराच वेळ मान खाली घातली. शेवटी म्हणाला, “पी. तू मागितलंस ते दिलं.” मांडवातली माणसं उठून हुमैदच्या खांद्याला हात लावू लागली. प्रताप स्टॅन्लीला विचारत होता, “काय झालं? काय दिलं?” स्टॅन्लीने आधी त्याचा खांदा घट्ट धरला. मग म्हणाला, “अरे बाबा, रुचिरला माफ केला त्यांनी!”

ही बातमी आतल्या खोलीत एका बाईने दारातूनच दिली. मला शब्द कळले नाहीत, पण सफियाचं तोंड कळलं. पाठीत धपाटा बसावा तशी ती पुढे झुकली. खुदेजा अरबीतून काहीतरी ओरडली, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, “माझ्या काकांनी माफ केलं. आईला विचारलं नाही. मला विचारलं नाही.” आणि दल्ला आपटून बाहेर गेली.

माफ केलं? कोणी मागितली माफी? मला इतका आनंद झाला की लाज वाटली, आणि त्याच्या मागोमाग भीती. प्रतापने वकिलाचं ऐकलं नाही की काय?

सफिया माझ्याकडेच बघत होती. तिची आई बलुची, म्हणून लहानपणापासून उर्दू कानावर पडलेलं, शिवाय दुकानदारांशी बोलून बोलून तिला इथलं मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तिने माझ्यापुढच्या कपाकडे बोट केलं.

“तुम्हारा आदमी कप नीचे रखा. उसको मिल गया. तुम भी नीचे रखा. तुम क्या मांगता?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कप खाली ठेवणं म्हणजे मागणं. माझं मागणं पुरं करा, त्याशिवाय तुमच्या घरची कॉफी पिणार नाही. आम्ही अख्खं आयुष्य या देशात काढलं आणि एवढं माहीत नाही.

आता कोणतीही शहाणी बाई काय करेल? डोळ्याला पदर लावेल आणि म्हणेल, माझ्या लेकराला माफ करा. देव देतो आहे, घ्या. पण माझं तोंड नेहमी डोक्याच्या चार पावलं पुढे चालतं. शिवाय ती बाई, जिचा नवरा गेला, तिच्या नवऱ्याच्या जिवावर परस्पर पाणी सोडून झालं होतं, आणि ते आमच्या एका खुळ्या समजुतीमुळे. मला ते सोसवेना. मी बोलून गेले.

“आम्ही काही मागितलं नाही हो. आमच्यात मयत झालेल्या घरी काही पीत नाहीत. पाणीपण नाही. म्हणून ठेवला कप. त्यांनीही म्हणूनच ठेवला.”

हिंदीत, हातवारे करून, दोनदा सांगितलं. सफियाला कळलं. तिने ते अरबीत इतर बायकांना सांगितलं. मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. तिच्यावर कोणी काही लादलं नाही, गैरसमज झाला, खलास.

“मांगा नहीं?” ती म्हणाली.

“नाही.”

“मेरे घर आया. मेरा आदमी मर गया. तुम्हारे बच्चे की गाडी से मर गया. और मांगा भी नहीं?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तो किसलिए आया?”

मी म्हटलं, “वकिलाने सांगितलं होतं, जाऊन या.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते माझ्याच कानांनी ऐकू आलं. इतकं हलकं, इतकं घाणेरडं वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते. शेजारची म्हातारी, जिने मला जागा दिली होती, ती किंचित दूर सरकली.

मग मी मागितलं. वकील गेला खड्ड्यात. म्हटलं, माझ्या मुलाच्या हातून तुमचा माणूस गेला. माझी चूक, त्याची चूक, आम्हांला माफ करा. सफियाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “मेरा आदमी रोड पर पडा था. तुम्हारा बच्चा बाजू में था. पुलिस बोला, बच्चा उसका सिर पकड के बैठा था. मेरा आदमी क्या बोला?”

मला प्रश्नच कळला नाही.

“आखिर में,” ती म्हणाली. “क्या बोला? पहले दिन से मैं बैठी है. कोई आएगा, बोलेगा.”

रुचिरला मी रोज भेटत होते. स्पीड किती होता विचारलं होतं. फोन हातात नव्हता ना, लाइट लावले होते ना, पट्टा बांधला होता ना, पोलिसांपुढे काय बोललास, जेवलास का, गादी देतात का. सगळं विचारलं होतं. तो माणूस कसा गेला हे नाही विचारलं. तो माणूस माझ्यासाठी केस होता. मला भीती वाटली ती तिची नाही, माझीच.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“पूछ के आओ,” सफिया म्हणाली. “फिर मांगो.”

परतीच्या रस्त्यावर प्रताप माझ्यावर असा भडकला की स्टॅन्लीला मध्ये पडावं लागलं. “मिळालं होतं! हातात पडलं होतं! तुला कोणी सांगितलं होतं सत्याचा झेंडा घेऊन फिरायला?”

“तुला कोणी सांगितलं होतं रडायला?”

“तूच म्हणालीस, कप खाली ठेव!”

“वहिनी, प्रताप, बस झालं,” स्टॅन्ली म्हणाला. “मला काय माहीत तुम्ही लोक मयताच्या घरी काय पीत नाय? आमच्यात तर चहा असतोच. आणि नीट ऐका. हुमैदने दिलेला शब्द तो हुमैदचा. तो फिरवायचा नाय. पण कोर्टात बायकोचं चालतं, मुलांचं चालतं. सफिया हो म्हणाली तर रुचिर सुटला. ती नाय म्हणाली तर खलास.”

प्रताप खिडकीबाहेर बघत राहिला. लिंबाच्या बागा मागे जात होत्या. त्यातली कोणती खल्फानची, तेही आम्हांला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात रुचिर समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी त्याचा हात धरला आणि आज पहिल्यांदा तो प्रश्न विचारला.

“रुचिर, तो माणूस शेवटी काही बोलला का रे?”

तो इतका दचकला की मला वाटलं, मी काही भलतंच विचारलं. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा.

“हो आई. ही वॉज टॉकिंग. खूप बोलत होता. होल टाइम.”

“काय बोलत होता?”

“मला काय माहीत?” तो म्हणाला. “अरबी होतं ना.”

त्याने स्वतःचा शर्ट छातीशी मुठीत धरून दाखवला.

“त्याने माझा शर्ट पकडला होता. असा. आणि काहीतरी सांगत होता, सेम थिंग, परत परत. मला वाटलं काही इम्पॉर्टंट आहे. मी म्हटलं, इंग्लिश? तो नाही म्हणाला. मग मी... मी नुसतं ओके, ओके म्हणत होतो. म्हणजे त्याला वाटावं की मला कळतंय. तो बोलला की मी ओके. मग ही वॉज... मग तो थांबला.” रुचिरने माझा हात सोडला आणि तोंड झाकलं. “मला एक वर्डपण नाही कळला, आई. नॉट वन.”

हा मुलगा सोहारला जन्मला. इथल्या हवेवर वाढला, इथल्या दुकानात पहिली सायकल घेतली, इथल्या समुद्रात पोहायला शिकला. इथलं काय येतं त्याला? यल्ला. खलास. इन्शाल्ला. कामवाल्यांशी आणि टॅक्सीवाल्यांशी बोलायला पुरेल एवढं. शाळेत अरबी की फ्रेंच असं विचारलं होतं तेव्हा मीच म्हटलं होतं, फ्रेंच घे, मार्क पडतात, अरबी काय करायची आहे, आपल्याला एक दिवस परतच जायचं आहे. प्रतापने तेव्हाही मान डोलावली होती. परत जायचं, परत जायचं करत आम्ही पाव शतक इथे पाहुण्यासारखे बसलो होतो, बॅग भरलेली, बूट घातलेले. आणि मरणाऱ्या माणसाने आमच्या मुलाचा शर्ट धरून काही सांगितलं, तर त्या मुलाकडे ओके सोडून काही नव्हतं.

दुखवट्याचे दिवस संपल्यावर मी सफियाकडे पुन्हा गेले. प्रताप गाडीत थांबला. त्या घरात पुरुषांनी यायचं नव्हतं. नवरा गेल्यावर इथल्या बाईला महिनोन्‌महिने घरात राहून शोक पाळायचा असतो, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. मांडव काढला होता. खोलीत सफिया आणि खुदेजा दोघीच होत्या. खुदेजाने माझ्यासाठी काही आणलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी बसले आणि सांगितलं. शर्ट धरल्याचं सांगितलं. खूप बोलल्याचं, तेच तेच पुन्हा सांगत असल्याचं सांगितलं. ओके, ओके म्हटल्याचं सांगितलं. काहीही गोड करून सांगितलं नाही. मनात येऊन गेलं होतं, खरं सांगते. रस्ताभर मनात येत होतं की सांगावं, तुमचं नाव घेतलं त्यांनी. मुलांचं नाव घेतलं. कोण तपासणार होतं? पण तिच्यासमोर बसल्यावर ते जिभेवर आलं नाही.

सफिया पुढच्या शब्दाची वाट बघत होती. पुढचा शब्द नव्हता.

“बच्चा समझा नहीं?” तिने विचारलं.

“नाही.”

“एक बात भी नहीं?”

“नाही.”

खुदेजा भिंतीकडे तोंड करून रडू लागली. सफिया रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर नवरा गेल्याच्या दिवसांतही नव्हतं असं काहीतरी आलं. ती थक्क झाली होती.

“बच्चा इंडिया से कब आया?”

“आला नाही,” मी म्हटलं. “इथेच जन्मला. सोहारच्या हॉस्पिटलात.”

“इधर पैदा?”

“हो.”

तिने खुदेजाला अरबीत काहीतरी विचारलं. बहुतेक, मी नीट ऐकलं ना, असंच असावं, कारण खुदेजाने होकारार्थी मान हलवली. मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. हे बघणं झेलता येत नव्हतं. मी मान खाली घातली आणि जे मागायला आले होते ते मागितलं. माझ्या मुलाला माफ करा.

सफिया खुदेजाकडे वळून हळू आवाजात बोलली. खुदेजाने डोळे पुसले, काहीतरी वाद घातला, मग मान डोलावली.

“बच्चा माफ,” सफिया मला म्हणाली. “मैं कोर्ट में बोलेगी. खुदेजा भी बोलेगी. बच्चा मेरे आदमी का सिर पकडा. अकेला नहीं छोडा. उसके पास इतना ही था, उतना दिया.”

मी रडतच पुढे सरकले आणि तिचे हात धरायला गेले. तिने हात मागे घेतले.

“तुम माफ नहीं,” ती म्हणाली. “तुम और तुम्हारा आदमी. नहीं.”

मी उठले. चपला कोणत्या पायात कोणती घातली ते आठवत नाही. बाहेर ऊन कडक होतं आणि प्रताप गाडीतून उतरून फाटकापाशी येऊन उभा होता, चेहरा पांढराफटक.

“काय झालं? किशोरी, काय म्हणाल्या?”

“रुचिरला माफ केलं.”

त्याने फाटकाला धरून डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “मग अशी काय उभी आहेस?”

“आपल्याला नाही केलं,” मी म्हटलं.

तो खरंच चक्रावला.

“आपल्याला?” तो म्हणाला. “पण आपण काय केलंय?”